ईमॅक्सला वाचा फुटली तेव्हापासून

टी. व्ही. रामन मूळचे पुण्याचे. चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली. तरी वाडिया महाविद्यालयात गणित, आयआयटी मुंबई आणि मग कॉर्नेलमध्ये पीएचडी. १९९५मध्ये त्यांनी ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरला बोलतं करणारं ईमॅकस्पीक सर्वांसाठी खुलं केलं. पण त्याला आवाज कुठला द्यायचा, हे वापरणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

सुरुवातीला त्यासाठी डेकटॉक एक्स्प्रेस ही छोटी पेटी सिरियल पोर्टला जोडत. एमआयटीच्या डेनिस क्लॅट यांच्या संशोधनातून घडलेला तिचा आवाज डोळसांना यंत्रासारखा वाटे. पण वेग कितीही वाढवला तरी शब्द स्पष्ट कळत आणि कळ दाबताच तो जागच्या जागी थांबे. एडिटरमध्ये ओळ अर्धी ऐकूनच माणूस पुढच्या ओळीवर जातो. आवाज जरासा जरी रेंगाळला, तरी बोटं एका ओळीवर आणि कान दुसऱ्या ओळीवर, अशी गत होते. म्हणूनच आवाजाचा गोडवा सगळ्यात शेवटी बघावा, असं माझं ठाम मत आहे.

शिवाय आवाज ऐनवेळी बदलता यायला हवा. ईमॅकस्पीक नुसता पडदा वाचत नाही. कॅलेंडरमध्ये ते फक्त ‘१४’ म्हणत नाही, वार, महिना, सालासकट तारीख सांगतं. प्रोग्रॅममधली कॉमेंट आली की सूर बदलतं.

१९९८मध्ये डेकटॉक बनवणारी डेक कंपनी कॉम्पॅककडे गेली. पुढे आयबीएमचं व्हायाव्हॉइस आउटलाउड हे सॉफ्टवेअर आलं आणि पेटीची गरज उरली नाही. आवाज स्वच्छ होता, पण त्याचा सोर्स कोड बंद होता. आयबीएमने ते विकणं थांबवलं, संगणक ६४ बिटचे झाले, आणि जुनी ३२ बिटची लायब्ररी कशीबशी चालू ठेवण्याची खटपट वापरणाऱ्यांच्या माथी आली. वर्षानुवर्षं एका आवाजाला सरावलेल्या कानांवर ही वेळ यावी, हे मला अन्यायाचं वाटतं.

जोनाथन डडिंग्टन यांच्या ईस्पीक या सॉफ्टवेअरचा आवाज त्या मानाने कर्कश. पण त्याचा कोड खुला असल्यामुळे २०१५पासून इतरांनी तो ‘ईस्पीक एनजी’ म्हणून पुढे नेला. तो मराठीही बोलतो. मराठी उच्चारांचे नियम साध्या मजकुराच्या फायलींत आहेत. एखादा शब्द चुकीचा ऐकू आला, तर ती फाइल ईमॅक्समध्येच उघडून, ऐकत ऐकत दुरुस्त करता येते.