वाडा विकला, बिऱ्हाडाचें काय?

नाशकांत पंचवटीकडील एखादा जुना वाडा विक्रीस निघाला, कीं बिऱ्हाडकरूंच्या उरांत धडकी भरते. परंतु मालक बदलला म्हणजे भाडेकरूचा हक्क संपला असें नाहीं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यान्वयें नवा मालक जुन्याच्याच जागीं येतो. विक्रीची वार्ता कळण्यापूर्वीं जुन्या मालकास दिलेलें भाडें त्यास पुन्हा मागतां येत नाहीं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमांत विक्री हें जागा खालीं करविण्याचें कारण सांगितलेलें नाहीं. नव्या मालकास जागा स्वतःसाठीं हवी असल्यास ती गरज न्यायालयांत सिद्ध करावी लागते. थकलेल्या भाड्यासाठीं दावा लावावयाचा तरी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावें लागतें. जागेची पाहणीही पूर्वसूचना देऊन, योग्य वेळींच करावयाची असते.

‘लीव्ह अँड लायसन्स’ची गोष्ट मात्र निराळी. १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्याप्रमाणें असा परवाना खरेदीदारावर बंधनकारक नसतो. यास्तव विक्रीपूर्वीं किती महिन्यांची नोटीस मिळावी, हें करारांतच लिहवून घ्यावें. म्हणजे वचनभंग झाल्यास भरपाई मागण्यास आधार राहतो. कराराची नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. तोंडच्या शब्दावर विसंबणाराचेंच बिऱ्हाड प्रथम रस्त्यावर येतें.