मैदानावरील शब्द आणि त्याची चौकशी

फुटबॉलच्या सामन्यात एखाद्याने दुसऱ्याला पायात पाय घालून पाडले, तर पंच शिट्टी वाजवितो. परंतु एका खेळाडूने दुसऱ्याच्या वर्णावरून उच्चारलेला अपमानास्पद शब्द पंचाच्या कानी पडेलच असे नाही. त्या शब्दाची जखम दाखविता येत नाही, आणि उच्चारणाऱ्याला ‘मी तसे बोललोच नाही’ असे सांगणे सोपे जाते. मग अशा तक्रारीचा न्याय कसा करावयाचा? इंग्लंडमधील व युरोपातील फुटबॉल संस्थांना गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला सामोरे जावे लागले. त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे.

१५ ऑक्टोबर २०११ रोजी लिव्हरपूलच्या अँफील्ड मैदानावर लिव्हरपूल व मँचेस्टर युनायटेड यांचा सामना झाला. युनायटेडचा पॅट्रिस एव्रा हा सेनेगलमध्ये जन्मलेला फ्रेंच खेळाडू. लिव्हरपूलचा लुईस सुआरेझ उरुग्वेचा. गोलजाळ्यापाशी दोघांची स्पॅनिश भाषेत बाचाबाची झाली आणि सुआरेझने वर्णवाचक शब्द वापरून आपला अपमान केला, असे एव्राने सांगितले. सामना संपताच त्याने ही गोष्ट सहकाऱ्यांना सांगितली व त्याच दिवशी पंच आंद्रे मॅरिनर यांच्याकडे तक्रार केली. चौथ्या पंचाने त्या वेळी टिपण करून ठेवले. तत्काळ झालेली ही नोंद पुढे फार मोलाची ठरली.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने चौकशी केली व प्रकरण तीन सदस्यांच्या स्वतंत्र आयोगापुढे ठेवले. ‘नेग्रो’ हा शब्द आपण एकदाच व सलोख्याने वापरला, आमच्याकडे तो आपुलकीनेही योजतात, असे सुआरेझचे म्हणणे होते. आयोगाने हा खुलासा हसण्यावारी नेला नाही. मँचेस्टर विद्यापीठातील दोन अभ्यासकांची साक्ष त्याने विचारात घेतली. त्यांचे मत असे होते की, या शब्दाचा अर्थ प्रसंगावर अवलंबून असतो. मित्राला प्रेमाने घातलेली हाक वेगळी आणि भांडणाच्या ऐन भरात तोंडावर फेकलेला शब्द वेगळा. चित्रफितीत त्या दोघांत सलोख्याचे वातावरण कोठेच दिसत नव्हते. शिवाय सामन्यानंतर सुआरेझने आपल्याच संघातील दोघांना जे सांगितले, ते त्याच्या पुढील जबानीशी जुळेना.

या भांडणात हा शब्द सात वेळा वापरला गेला, असा निष्कर्ष आयोगाने काढला. २० डिसेंबर २०११ रोजी सुआरेझला आठ सामन्यांची बंदी व ४० हजार पौंड दंड झाला. ३१ डिसेंबरला ११५ पृष्ठांचे सविस्तर निकालपत्र प्रसिद्ध झाले. त्यात एक गोष्ट मुद्दाम स्पष्ट केली होती. सुआरेझ हा मनुष्य वर्णद्वेष्टा आहे, असा आरोपही नव्हता व निष्कर्षही नव्हता. आयोगाने कृतीचा निवाडा केला, अंतःकरणाचा नव्हे. ‘तो स्वभावाने तसा नाही’ हा युक्तिवाद अशा चौकशीत नेहमी पुढे येतो. परंतु जे बोलले गेले ते त्याने पुसले जात नाही.

पुराव्याचा तराजू कोणता, हा दुसरा महत्त्वाचा प्रश्न. २३ ऑक्टोबर २०११ रोजी चेल्सीचा कर्णधार जॉन टेरी याने क्वीन्स पार्क रेंजर्सच्या अँटन फर्डिनंडला उद्देशून वर्णवाचक शिवी उच्चारल्याचे चित्रफितीत दिसले. शब्द उच्चारल्याचे टेरीने मान्य केले. मात्र फर्डिनंडने आपल्यावर जो आळ घेतला असे वाटले, तो नाकारताना आपण ते शब्द केवळ परत उच्चारले, असा त्याचा बचाव होता. जुलै २०१२ मध्ये लंडनच्या न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. कारण फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. पुढे सप्टेंबरमध्ये असोसिएशनच्या आयोगाने त्याला दोषी ठरवून चार सामन्यांची बंदी व दोन लाख २० हजार पौंड दंड केला. शिस्तभंगाच्या चौकशीत दोन्ही बाजूंपैकी कोणती अधिक संभवनीय, एवढेच पाहावयाचे असते. हे दोन निकाल परस्परविरोधी वाटतात, पण दोन्हीकडे प्रश्नच भिन्न होता. एकीकडे गुन्हेगार म्हणून डाग लागणार होता, दुसरीकडे खेळण्याची मुभा काही काळ थांबणार होती.

शिक्षेचे मानही पुढे वाढले. २०१३ मध्ये युरोपीय फुटबॉल महासंघाने अशा वर्तनास किमान दहा सामन्यांची बंदी ठरविली. मार्च २०२१ मध्ये स्लाव्हिया प्रागचा ओंद्रेय कुडेला तोंडावर हात धरून रेंजर्सच्या ग्लेन कमाराच्या कानाशी काही बोलला. ओठांची हालचाल दिसण्याचा प्रश्नच नव्हता, आणि कुडेलाने आरोप नाकारला. तरीही त्याला दहा सामन्यांची बंदी झाली. सामन्यानंतर केलेल्या मारहाणीबद्दल कमारालाही तीन सामने बाहेर बसावे लागले. अपमान झाला म्हणून हात उचलण्याचा परवाना मिळत नाही, आणि हात उचलला म्हणून अपमान खोटा ठरत नाही, हे दोन्ही निर्णय एकत्र वाचल्यावर उमगते.

तक्रार तत्काळ लिहून घेणे, दोघांचेही म्हणणे ऐकणे, शब्दाचा अर्थ जाणत्यांकडून समजून घेणे आणि निर्णयामागील कारणे सर्वांपुढे मांडणे, ही या पद्धतीची चार अंगे होत. शाळा असो वा वसतिगृह, जेथे एखादा मुलगा ‘मला असे बोलले गेले’ म्हणून पुढे येतो, तेथे ही अंगे तितकीच उपयोगी पडतील.

मात्र न्याय केवळ आयोगाच्या हाती नसतो, तो सोबत्यांच्याही हाती असतो. सुआरेझला शिक्षा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याचे सहकारी त्याचे चित्र असलेले सदरे घालून सरावाला उतरले. निकालपत्र प्रसिद्ध होण्यास अद्याप दहा दिवस होते. आपल्या माणसाची बाजू त्यांनी कारणे वाचण्यापूर्वीच घेतली. त्या संघातील जेमी कॅरेगरने २०१९ मध्ये दूरचित्रवाणीवर एव्राची समक्ष क्षमा मागितली. तोवर आठ वर्षे लोटली होती. तक्रार करणाऱ्याला एकटे पाडणे किती सोपे असते आणि ते भरून काढण्यास किती काळ लागतो, हे विद्यार्थ्यांनी यातून ध्यानी घ्यावे.