सायकलस्वाराची बधिर बोटे

सायकलवरून लांबच्या पल्ल्यावर निघालेल्या माणसाचे पाय आधी थकतील, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात पाय शाबूत असतात आणि हात मात्र दगा देतात, असा अनुभव पुष्कळांना येतो. चाळीस-पन्नास किलोमीटर गेल्यावर करंगळीला मुंग्या येऊ लागतात, मग शेजारची अनामिका जड होते, आणि घरी परतल्यावर सदऱ्याची बटणे काढणेही जिकिरीचे होऊन बसते. ही तक्रार जुनी आहे. हवेचे टायर प्रचारात येऊन दहा वर्षेही झाली नव्हती, तेव्हा १८९६ साली देस्तो या फ्रेंच शल्यचिकित्सकाने सायकलीमुळे हाताला आलेल्या लुळेपणाचे वर्णन प्रसिद्ध केले होते.

बधिरता नेमकी याच दोन बोटांना का येते, याचे उत्तर मनगटाच्या रचनेत सापडते. कोपर एखाद्या कठीण वस्तूवर आपटले, की करंगळीपर्यंत झिणझिणी जाते. ती ज्या मज्जातंतूमुळे जाते, त्याला अल्नर म्हणतात. कोपरामागून निघून तो करंगळीच्या बाजूने मनगटापर्यंत येतो आणि तळहातात शिरताना दोन लहान हाडांच्या मधून जातो. त्यांपैकी एक वाटाण्याएवढे असते, तर दुसऱ्याला आकड्यासारखे टोक असते. या अरुंद वाटेचे वर्णन फ्रेंच शल्यचिकित्सक ग्वीयाँ याने १८६१ साली केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. येथे मज्जातंतूवर स्नायूंचे जाड आवरण नाही. सायकलस्वार तळहाताची टाच हँडलवर टेकवतो तेव्हा नेमका याच जागी भार पडतो आणि रस्त्याचा प्रत्येक खड्डा तेथेच ठोका देतो.

अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल, तर दोष दुसऱ्या, म्हणजे मीडियन मज्जातंतूकडे असतो. तो मनगटाच्या मध्यभागी नऊ कंडरांच्या गर्दीतून जातो आणि मनगट मागे वाकवून धरले, की त्या जागेतील दाब वाढतो. आणखी एक खूण उपयोगी पडते. पंज्याच्या पाठीवर करंगळीच्या बाजूला संवेदना पुरवणारी अल्नरची शाखा मनगटाच्या वरच फुटून निघते. त्यामुळे तळहाताची बाजू बधिर पण पाठीची बाजू शाबूत असेल, तर दाब मनगटापाशी आहे. दोन्ही बाजू बधिर असतील, तर कोपराकडे संशय घ्यावा.

आपल्याकडील जुन्या काळ्या सायकलीवर दूधवाले आणि वर्तमानपत्रे टाकणारी मुले वर्षानुवर्षे फिरली, पण ही तक्रार त्यांच्या तोंडी क्वचितच असे. त्या सायकलीचे हँडल उंच, सीट रुंद आणि स्प्रिंगची. माणूस ताठ बसे. देहाचा भार सीटवर राही आणि हातांना केवळ दिशा देण्याचे काम उरे. नव्या घडणीच्या सायकलीवर वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून धड पुढे झुकते. त्या झुकलेल्या धडाला कोठेतरी आधार हवा असतो, आणि तो हात देतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६०० किलोमीटरचा प्रवास केलेल्या २५ सायकलस्वारांची तपासणी झाली होती. त्यांपैकी २३ जणांच्या हातांत बधिरता, अशक्तपणा किंवा दोन्ही आढळले.

म्हणून उपायाचा विचार हातापासून नव्हे, सीटपासून सुरू केला पाहिजे. सीटचे टोक खाली झुकलेले असेल, तर बसणारा सतत पुढे घसरतो आणि स्वतःला मागे रेटण्यासाठी हात ताठ करतो. सीट समतल केली, एवढ्यानेही पुष्कळांची तक्रार मिटते. दुसरी गोष्ट थोडी अनपेक्षित आहे. भिंतीला टाचा व पाठ टेकवून उभे राहावे आणि कमरेतून वाकण्याचा प्रयत्न करावा; तोल लगेच पुढे जातो, कारण नितंबांना मागे सरकण्यास जागा नसते. सायकलवरही हेच घडते. सीट फार पुढे असेल, तर वाकलेले धड हातांवरच कोसळते. ती किंचित मागे सरकवली, की तोल सावरतो. मात्र हँडल त्या मानाने दूर जाते, तेव्हा ते थोडे उंच किंवा जवळ घ्यावे लागते. हे बदल एकेक करून, अर्ध्या-एक सेंटीमीटरने करावेत. सारे एकदम बदलले, तर गुण कशाचा आला हे कळत नाही.

पायडलवर जोर असतो तोवर पायही धडाला उचलून धरतात. थकव्याने तो जोर ओसरला, की तेवढा भार हातांवर येतो. प्रवासाच्या उत्तरार्धात बोटे बधिर होण्याचे हे एक कारण आहे. अशा वेळी कोपरे सैल ठेवावीत, मनगट सरळ राखावे आणि दर काही मिनिटांनी पकड बदलावी. शर्यतीच्या सायकलीचे वळणदार हँडल अनेकांना दोषी वाटते, पण त्याला तीन-चार ठिकाणी धरता येते. सरळ दांड्याच्या हँडलवर ही सोय नसते. तेथे टोकांना आडव्या मुठी बसवून घेणे हिताचे. टायरमध्ये दगडासारखी हवा भरण्याचा हौशी मंडळींचा आग्रहही सोडावा. गादीचे हातमोजे दाब काही अंशी पसरवतात, पण बैठकीचा दोष ते झाकतात, दूर करीत नाहीत. आणि मनगटावर घट्ट आवळलेला पट्टा उलट अपायच करतो.

खरा धोका बधिरतेत नाही, तो तिच्या अभावात आहे. तळहातात शिरल्यावर अल्नरच्या दोन शाखा होतात. एक वरवरची, संवेदनेची. दुसरी खोल, बोटांच्या बारीक हालचाली करणाऱ्या स्नायूंची. केवळ दुसरी दाबली गेली, तर ना मुंग्या येतात ना बधिरता. हात हळूहळू दुबळा होतो आणि माणसाला पत्ता लागत नाही. फ्रोमाँ या फ्रेंच वैद्याने १९१५ साली सुचवलेली परीक्षा घरीही करता येते. वर्तमानपत्राची कड दोन्ही हातांच्या अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये धरून ओढावी. ज्या हाताचा अंगठा टोकाच्या सांध्यात वाकून कागद पकडू पाहतो, त्या हाताचा स्नायू दुबळा झाला आहे. असे आढळल्यास, किंवा बधिरता काही दिवसांच्या विश्रांतीनेही न गेल्यास, सायकल बाजूला ठेवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. मज्जातंतूचे केवळ कार्य थांबले असेल, तर ते काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ववत होते. आतला धागाच तुटला, तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढतो. मनगटापासून अंगठ्याजवळच्या स्नायूपर्यंतचे अंतर सात-आठ सेंटीमीटर धरले, तरी अडीच महिने लागतात.