मधुमेहाच्या अर्जात नसलेला प्रश्न

तिशी ओलांडलेल्यांची जोखीम तपासण्यासाठी देशभरात आशा सेविका घरोघरी जो अर्ज भरून घेतात, तो मी अलीकडे बारकाईने वाचला. पहिल्या भागात वय, तंबाखू, मद्य, कमरेचा घेर, व्यायाम आणि कुटुंबातील आजार यांना गुण दिले आहेत. बेरीज चारच्या वर गेली, की त्या व्यक्तीला मधुमेहासारख्या आजारांच्या तपासणीसाठी प्राधान्याने पाठवायचे. चुलीचे इंधन कोणते, वीटभट्टीवर काम करता का, हेही अर्ज विचारतो. पण ते पुढच्या, फुप्फुसांच्या भागात. त्या धुराला पहिल्या बेरजेत एकही गुण नाही.

ही अर्ज तयार करणाऱ्याची नजरचूक नव्हे. मधुमेह हा जिभेचा आणि आळसाचा आजार, ही आपल्या धोरणाची जुनी समजूत आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने मधुमेहींची संख्या सुमारे 10 कोटी आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची सुमारे 13.6 कोटी सांगितली. एवढी माणसे केवळ गोड खाऊन आजारी पडली, असे मानायला मी तयार नाही.

त्याच वर्षी दिल्ली आणि चेन्नईतील 12 हजारांहून अधिक प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हवेतील अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कणांचे वार्षिक सरासरी प्रमाण घनमीटरला 10 मायक्रोग्रॅमने वाढले, तर मधुमेहाची जोखीम सुमारे 22 टक्क्यांनी वाढलेली आढळली. हा संबंध आहे, कार्यकारणाचा अंतिम निवाडा नव्हे. पण हे कण शरीरात दाह निर्माण करतात आणि दाहामुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, ही साखळी वैद्यकशास्त्राला अपरिचित नाही. आपले वार्षिक मानक 2009 पासून 40 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना 5 सांगते.

मला अधिक अस्वस्थ करतो तो तमिळनाडूतील अभ्यास. मदुराई कामराज विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये तेथील ग्रामीण भागाची पाहणी मांडली. कीटकनाशकांशी थेट संपर्क येणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण 18.3 टक्के होते, इतरांत 6.2 टक्के. पुढे त्यांनी उंदरांना 180 दिवस मोनोक्रोटोफॉस दिले. आतड्यांतील जिवाणू त्या औषधाचे विघटन करतात, त्यातून ॲसेटिक आम्ल तयार होते आणि यकृत त्यापासून साखर बनवू लागते, असे त्यात दिसले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरेच. तरीही दिवसभर उन्हात राबणाऱ्या शेतमजुराला ‘रोज अर्धा तास चाला’ असा सल्ला देताना डॉक्टरांनी क्षणभर थांबावे, एवढा हा पुरावा नक्कीच वजनदार आहे.

कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहा. लाल, पिवळा, निळा, हिरवा: हे रंग ठरतात किती मात्रेने प्रयोगातील प्राणी मरतात यावर. वीस वर्षे थोडे थोडे अंगात गेले तर काय, याबद्दल त्रिकोण मूक आहे. मोनोक्रोटोफॉस आपल्याला ठाऊक झाले तेही मरणामुळेच. बिहारमधील सारण जिल्ह्यात 2013 मध्ये शाळेच्या माध्यान्ह भोजनात ते मिसळले गेले आणि 23 मुले दगावली. केंद्राने त्याच्या 36 टक्के द्रावणावर बंदीचा आदेश काढला, तो दहा वर्षांनी. त्याच कुळातील क्लोरपायरिफॉस आणि प्रोफेनोफॉस दुकानांत आहेत.

सरकारी रचनेत या प्रश्नाला घर नाही. साखर आरोग्य मंत्रालयाकडे, हवा पर्यावरण मंत्रालयाकडे, फवारणी कृषी मंत्रालयाकडे. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांचे यश प्रामुख्याने मोठ्या धूलिकणांवर मोजले जाते; साहजिकच पैसा रस्ते झाडणाऱ्या यंत्रांकडे आणि पाण्याच्या फवाऱ्यांकडे वळतो. रक्तापर्यंत पोहोचणारे सूक्ष्म कण मुख्यतः जळणातून येतात, आणि ते झाडूने जात नाहीत.

सुरुवात त्या अर्जापासून करता येईल. धुराचे प्रश्न पहिल्या भागात आणावेत आणि ‘फवारणी करता का, किती वर्षे?’ हा प्रश्न जोडावा. रक्तातील साखरेच्या आकड्याशेजारी ही उत्तरे नोंदली गेली, तर कृषी आणि पर्यावरण मंत्रालयांपुढे ठेवता येईल अशी जिल्हावार माहिती हाती येऊ लागेल. अर्ज आरोग्य मंत्रालयाचाच आहे. तो बदलायला नवा कायदा लागत नाही.