भूमिकाखेळांतील शृंगार : रस की रसाभास?

दसऱ्याच्या नवरात्रात बसवनगुडीतील जुन्या घरांतून 'गोंबे हब्ब' म्हणजे बाहुल्यांचा उत्सव मांडला जातो. पायऱ्यापायऱ्यांच्या त्या मांडणीत मानाचे स्थान राजा-राणीच्या लाकडी जोडीला असते. 'पट्टद गोंबे' या नावाची ही जोडी मुलीला लग्नात माहेरहून देण्याची येथे रीत आहे. आपल्याकडची भातुकलीही बाहुला-बाहुलीच्या लग्नावाचून पुरी होत नाही. मुले संसाराचा खेळ मांडतात तेव्हा त्यात लग्न असावे की नसावे, असा प्रश्न कोणाला पडत नाही. परंतु अशाच एका मांडणीसमोर बसून दोन महाविद्यालयीन तरुण नेमक्या याच प्रश्नावर हिरिरीने भांडताना मी ऐकले. वाद लाकडी बाहुल्यांचा नव्हता, संगणकावरील खेळांचा होता. एकाचे म्हणणे असे की, जगावर संकट कोसळले असता नायकाने वाटेत थांबून प्रणय करीत बसावे हे हास्यास्पद होय. दुसऱ्याचे म्हणणे असे की, ज्या खेळात आपण एक संपूर्ण आयुष्य जगतो, त्यातून प्रेम तेवढे वगळणे म्हणजे ते आयुष्यच अपुरे ठेवणे होय.

हा वाद ऐकताना मला वाटले की, या मुलांना ठाऊक नाही, पण ते आनंदवर्धन आणि मम्मट यांच्याच अंगणात उभे आहेत. प्रस्तुत लेखात त्या अंगणातून या नव्या प्रश्नाकडे पाहण्याचा विचार आहे.

ज्यांना इंग्रजीत रोल-प्लेइंग गेम म्हणतात, त्यांना आपण 'भूमिकाखेळ' म्हणू. या खेळात खेळाडू एका पात्राची भूमिका पत्करतो. त्या पात्राने कोठे जावे, कोणाशी काय बोलावे, कोणाला वाचवावे आणि कोणाला सोडावे, हे तो ठरवितो, आणि त्याच्या निवडीप्रमाणे कथा वळणे घेते. त्याच्यासोबत काही सहचर पात्रे असतात. त्यांच्याशी संवाद करता करता मैत्री जुळते, वितुष्ट येते, आणि पुष्कळ खेळांत प्रेमही जमते. कॅनडातील बायोवेअर या संस्थेने 'बाल्डर्स गेट २' (२००० साल) या खेळात अशी प्रेमकथानके विस्ताराने आणली, आणि पुढे ती या प्रकाराची जणू ओळखच ठरली. बेल्जियममधील लॅरियन या संस्थेच्या 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) या खेळाविषयीच्या चर्चेत युद्धप्रसंगांइतकाच सहचरांच्या प्रेमाचा ऊहापोह झाला.

साहित्याच्या अभ्यासकाने या करमणुकीची दखल का घ्यावी, असे कोणी विचारील. त्याला उत्तर भरताच्या 'नाट्यशास्त्रा'च्या पहिल्याच अध्यायात आहे. इंद्रादी देवांनी ब्रह्मदेवाकडे मागितले ते 'क्रीडनीयक', म्हणजे पाहता येईल आणि ऐकताही येईल असे खेळणे. आपल्या परंपरेने नाट्याचा जन्मच खेळ म्हणून कल्पिला आहे. तेव्हा आजच्या दृश्य-श्राव्य खेळाला रसचर्चेच्या दारातून परत पाठविण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

आता पहिल्या तरुणाचा आक्षेप घेऊ. वीरकथेत शृंगार अस्थानी ठरतो काय? भट्टनारायणाचे 'वेणीसंहार' हे महाभारत-युद्धावरील वीररसप्रधान नाटक. त्याच्या दुसऱ्या अंकात, युद्धाचा वणवा पेटला असताना, दुर्योधन आणि त्याची पत्नी भानुमती यांचा शृंगार रंगविला आहे. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त या अंकाकडे बोट दाखविले. शास्त्रात सांगितलेले एखादे नाट्यांग केवळ शास्त्राज्ञा म्हणून भरणे, रसाची निकड नसताना भरणे, योग्य नव्हे, असा त्याचा अभिप्राय. पुढे मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त याच प्रसंगाला 'अकांडे प्रथन' या रसदोषाचे उदाहरण केले. अकांडे प्रथन म्हणजे भलत्या वेळी केलेला विस्तार. दोष शृंगार आला याचा नव्हे, तो अवेळी आणि नियमपूर्तीसाठी आला याचा आहे, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

भूमिकाखेळांत हा दोष विपुल आढळतो. चार सहचर आहेत म्हणून चौघांनाही प्रेमकथानक हवेच, ग्राहकाची तशी अपेक्षा आहे, असा हिशेब मांडला गेला की दुर्योधन आणि भानुमती पुन्हा अवतरलीच म्हणून समजावे. उलट शृंगारावाचून कथा उणी राहते असेही नाही. विशाखदत्ताचे 'मुद्राराक्षस' पाहावे. त्यात नायिका नाही, प्रणय नाही. चाणक्य आणि राक्षस यांच्या बुद्धीची झुंज आणि राक्षसाची स्वामिनिष्ठा एवढ्यावर ते उभे आहे, आणि त्याच्या नाट्यगुणाबद्दल कोणालाच शंका नाही.

आपल्या घरचे उदाहरण द्यायचे तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' या खेळाचे देता येईल. तो काटेकोर अर्थाने भूमिकाखेळ नव्हे, साहसकथा आहे. पण कथनाचा प्रश्न दोहोंत एकच. असुरांनी पळवून नेलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधीत निघालेली राजी नावाची मुलगी ही त्याची नायिका. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून तिची कथा उलगडते. या कथेत प्रियकर नाही, आणि तो नसल्याचे जाणवतही नाही. कारण बहीण-भावाचे वात्सल्य हाच तिचा श्वास आहे. तेथे एखादा राजपुत्र आणून उभा केला असता, तर राजीच्या शोधाची धार बोथट झाली असती.

तात्पर्य, पहिल्या तरुणाचे म्हणणे अर्धे खरे. शृंगार हवा किंवा नको, असा सार्वत्रिक नियम नाही. अंगी रसाला तो पोषक असेल तर असावा, नसेल तर त्याची अडगळ होते.

परंतु एवढ्याने प्रश्न संपत नाही, किंबहुना खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. समजा, प्रेमकथानक योग्य स्थळी आले. तरी ते प्रेम आहे काय?

'स्टार्ड्यू व्हॅली' (२०१६) हा शेतीजीवनाचा अत्यंत लोकप्रिय भूमिकाखेळ. त्यातील गावकऱ्यांशी स्नेह वाढवायचा तर त्यांना भेटवस्तू द्यायच्या. एकेकाला आठवड्यातून दोन. प्रत्येकाच्या आवडीनिवडी ठरलेल्या आहेत. योग्य वस्तू दिली की स्नेहाचे माप वाढते आणि पडद्यावर हृदयाची चित्रे भरत जातात. ती पुरेशी भरली की पुष्पगुच्छ, आणखी भरली की लग्नाची मागणी. या खेळाला स्वतःचे साधे सौंदर्य आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण या व्यवहारात दुसऱ्या व्यक्तीचे मन म्हणजे एक कुलूप, आणि भेटवस्तू म्हणजे त्याची किल्ली, असे समीकरण आपोआप तयार होते. किल्ली बरोबर असेल तर कुलूप नाही म्हणू शकत नाही.

आपल्या काव्यशास्त्राने या अवस्थेला नाव देऊन ठेवले आहे. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त शृंगाराच्या आभासाची जी कारणे सांगितली, त्यांत एक आहे 'अनुभयनिष्ठ रती'. जेथे रती दोघांच्या ठायी नसून एकाच्याच ठायी आहे, तेथे रस नाही, रसाभास आहे. अभिनवगुप्ताने रसाभासाच्या विवेचनात रावणाच्या सीतेविषयीच्या अभिलाषेचे उदाहरण घेतले, तेही येथे आठवावे. रावणाची ओढ कितीही उत्कट असो, पलीकडून तिला उत्तर नाही, म्हणून ती शृंगाराची केवळ छाया होय. विश्वनाथाच्या यादीतील इतर काही कारणे त्याच्या काळच्या समाजनीतीतून आलेली आहेत, ती आज जशीच्या तशी स्वीकारण्याची गरज नाही. पण उभयनिष्ठतेची कसोटी मला चिरंतन वाटते.

भेटवस्तूंनी भरणाऱ्या मापातील प्रेम हे अनुभयनिष्ठ आहे. पलीकडचे पात्र 'होय' म्हणते, परंतु ज्याला 'नाही' म्हणण्याची शक्यताच नाही, त्याच्या होकाराला अर्थ कोणता?

नाटकातील शकुंतला तरी कवीच्याच हातातील बाहुली नाही काय, असा आक्षेप येथे येईल. आक्षेप रास्त आहे. पण शकुंतला कालिदासाच्या हातात आहे, प्रेक्षकाच्या हातात नाही. पाचव्या अंकात ती भर दरबारात दुष्यन्ताला अनार्य म्हणते, तेव्हा प्रेक्षक तिला थांबवू शकत नाही. तो तटस्थ आहे, आणि त्या ताटस्थ्यामुळेच त्याचा 'मी' गळून साधारणीकरण घडते. भूमिकाखेळात मात्र खेळाडू कर्ता आहे. त्याचा 'मी' गळत नाही, उलट प्रत्येक निवडीबरोबर तो बळावतो. म्हणून येथे लेखकावर अधिक जबाबदारी येते. कर्त्याच्या हाताला लागणार नाही असा एक कोपरा त्याने दुसऱ्या पात्राच्या मनात राखून ठेवला पाहिजे. नकारही लेखकाचाच लिहिलेला असतो हे खरे, पण खेळाडूला तो आपल्या इच्छेची सीमा म्हणून भेटतो, आणि ती सीमा जेथे भेटते तेथेच दुसरी व्यक्ती सुरू होते.

हे अशक्यप्राय आहे असे नाही. बायोवेअरच्याच 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' (२००९) या खेळात भेटवस्तूंनी पसंती वाढविण्याची तीच यांत्रिक सोय आहे. तरीही त्यातील अलिस्टेर हे पात्र पाहावे. आपल्या गुरुतुल्य सेनानीच्या मृत्यूला कारण झालेल्या लोगेनला खेळाडूने जीवदान देऊन पथकात घेतले, तर अलिस्टेर पथक सोडून जातो. त्याच्याशी प्रेम जमलेले असले तरी ते त्याला अडवीत नाही. पोलंडमध्ये निर्माण झालेल्या 'द विचर ३' (२०१५) मध्ये नायक गेराल्टने येनेफर आणि ट्रिस या दोघींनाही प्रेमाचा शब्द दिला, तर दोघी संगनमताने त्याची फजिती करतात आणि त्याला एकटा टाकून निघून जातात. 'प्लेनस्केप : टॉरमेंट' (१९९९) त्याहूनही खोल जाते. स्मृती हरवलेल्या नायकाला डिओनारा या स्त्रीचे भूत भेटते. पूर्वायुष्यात त्याने तिच्या प्रेमाचा स्वार्थासाठी वापर करून तिला मृत्यूच्या तोंडी दिले, हे त्याला हळूहळू कळते. तेथे प्रेम हे बक्षीस नाही, ते न फिटलेले ऋण आहे. खेळाडूचा सुखावलेला 'मी' तेथे पहिल्यांदा खजील होतो.

मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. कृ. प्र. खाडिलकरांचे 'संगीत मानापमान' (१९११) वीर आणि शृंगार यांच्या मिलाफाचे नाटक. त्याची सारी गती एका नकारातून निर्माण होते. श्रीमंत भामिनी गरीब सैनिक धैर्यधराला अवमानून नाकारते, आणि पुढे वनमालेच्या वेषात त्याला नव्याने ओळखते. पहिला नकार खरा होता म्हणून शेवटचा होकार मोलाचा ठरला. भामिनीला पाच भेटवस्तू देऊन वश करता आली असती, तर ते नाटक पहिल्याच अंकात संपले असते.

अनुवादक या नात्याने आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. कन्नडमधून मराठीत आणि इंग्रजीतून मराठीत आणताना संवादाची जी अडचण मला नेहमी येते, ती भूमिकाखेळात दुणावेल. इंग्रजीत संबोधन एकच, पण मराठीत 'आपण', 'तुम्ही' आणि 'तू' अशा तीन पायऱ्या. दोन व्यक्तींच्या जवळिकीत 'तुम्ही'वरून 'तू'वर येणे हा स्वतंत्र प्रसंग असतो, आणि तो एकट्याने घडविता येत नाही. एकाने 'तू' म्हणावे आणि दुसऱ्याने ते स्वीकारावे लागते. स्वीकारले नाही तर तो अपमान होतो. कन्नडमध्येही 'नीवु' आणि 'नीनु' असा भेद आहे. शिवाय कन्नडमधील 'नानु बंदे' स्त्री आणि पुरुष दोघांनाही चालते, मराठीत मात्र 'मी आलो' की 'मी आले' हे ठरवावेच लागते. खेळाडू स्त्रीची भूमिका घेईल की पुरुषाची, हे आधी ठाऊक नसताना मराठी संवाद लिहिणाराला प्रत्येक वाक्य दोनदा लिहावे लागेल.

या अडचणींकडे मी अडचणी म्हणून पाहत नाही. ज्या भाषेत 'तू' म्हणण्यालाही समोरच्याची संमती लागते, त्या भाषेत उभयनिष्ठ रतीचे व्याकरण अगोदरच सिद्ध आहे. भूमिकाखेळात माप भरले की प्रेम मिळते. त्याऐवजी समोरच्या पात्राने कधी 'तू' म्हणू द्यावे आणि कधी 'तुम्ही'वर परतावे, एवढ्यावर एक संपूर्ण प्रेमकथानक रचता येईल. मराठी लेखकाला हे साधन कोणाकडून उसने घ्यावे लागणार नाही.

त्या दोन तरुणांना माझे उत्तर एवढेच राहील. प्रेम खेळात असावे की नाही, हे त्या कथेच्या अंगी रसाने ठरवावे. परंतु असलेच तर ते दोघांचे असावे. ज्या वयात ही मुले हे खेळ खेळतात, त्या वयात माणूस प्रेमाची पहिली तालीम करीत असतो. शंभर तास खेळून जर त्याने एवढेच शिकावे की योग्य वस्तू दिली की मन मिळते, तर प्रत्यक्षात पहिला नकार येईल तेव्हा तो त्याला समोरच्याचा अधिकार वाटणार नाही, खेळातील बिघाड वाटेल. हा धोका केवळ सौंदर्यशास्त्राचा नाही. आपल्या भाषांत असे खेळ लिहिण्याची वेळ आता फार दूर नाही. ती येईल तेव्हा संवाद लिहिण्यास बसणाराने आपल्या नायिकेला आणि नायकाला पहिला शब्द 'नाही' हा शिकवावा.