शिकारविषयक इंग्रजी संज्ञांचे मराठीकरण : चंद्रपूर व गडचिरोली वनप्रदेशाच्या संदर्भात

प्रस्तावना

चंद्रपूर व गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील वनबहुल जिल्हे होत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली स्वतंत्र होईपर्यंत हा प्रदेश एकाच जिल्ह्यात मोडत असे. ब्रिटिश अमदानीत तो ‘चांदा’ या नावाने मध्य प्रांतात समाविष्ट होता. वनखात्याचा कारभार इंग्रजीतून सुरू झाला आणि शिकारीचे नियमही त्याच भाषेत घडले. आज वन्यजीवविषयक कायदा झाडीबोली, गोंडी, माडिया आणि सिरोंचा परिसरात तेलुगू बोलणाऱ्या लोकांपर्यंत प्रामुख्याने मराठीतून पोहोचतो. त्यामुळे शिकारविषयक इंग्रजी संज्ञेचा मराठी पर्याय निवडणे हा केवळ कोशकाराचा प्रश्न राहत नाही. कोणते कृत्य गुन्हा ठरते, हे गावकऱ्याला त्या पर्यायावरूनच कळते. प्रस्तुत लेखात अशा काही निवडक संज्ञांचा विचार केला आहे.

मराठीतील शिकारविषयक शब्दसंपत्ती

या क्षेत्रात मराठी शब्ददरिद्री नाही. संस्कृतातून आलेले ‘मृगया’ व ‘आखेट’, ‘पापर्द्धि’ या शब्दापासून सिद्ध झालेला ‘पारध’ आणि फारसीतून आलेला ‘शिकार’ असे पर्याय तिच्याजवळ आहेत. शिवकालीन अठरा कारखान्यांत ‘शिकारखाना’ गणला जाई. ज्याची शिकार करावयाची त्या प्राण्यास ‘सावज’ हा नेमका शब्द आहे. साधनांच्या बाबतीत तर मराठी फार काटेकोर आहे. दोरीचा वा तारेचा ‘फास’, कळ दाबताच मिटणारा ‘सापळा’, ससे धरण्याची ‘वाघूर’, पाखरांचे ‘जाळे’ आणि ‘पिंजरा’ ही सर्व वेगवेगळी साधने होत. इंग्रजी ‘ट्रॅप’ या एका शब्दासाठी यांपैकी कोणता योजावा, हे साधन पाहूनच ठरवावे लागते.

काही शब्दांचा प्रवास उलट दिशेनेही झालेला आहे. ‘शिकार’ हा शब्द इंग्रजीने उचलला व १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची नोंद झाली. ‘मचाण’ही तसाच इंग्रजीत रुळला. ‘पगमार्क’ या संज्ञेतील पहिले पद हिंदी ‘पग’ म्हणजे पाऊल हेच होय. अशा शब्दांना नवा प्रतिशब्द घडविण्याचे कारण नाही. ‘मचाण’, ‘पाऊलखूण’, ‘माग’ हे शब्द वापरात आहेतच.

दृष्टिकोन बदलणारे प्रतिशब्द

‘गेम’ या इंग्रजी शब्दाचा खेळ हा अर्थ सर्वपरिचित आहे; परंतु शिकारीच्या संदर्भात तो शिकारयोग्य प्राण्यांचा वाचक आहे. त्याचे ‘खेळ’ असे भाषांतर हास्यास्पद होईल. तेथे ‘सावज’ किंवा ‘शिकारीचे प्राणी’ असेच म्हणावे लागेल. मात्र या संज्ञेत प्राण्याकडे शिकाऱ्याच्या नजरेने पाहिलेले आहे. ‘अभयारण्य’ या मराठी शब्दाने ही दृष्टीच पालटली. भयरहित अरण्य असा अर्थ सांगणारा हा शब्द प्राण्याच्या बाजूने विचार करतो. ताडोबाच्या जंगलात १९३५ मध्ये शिकारबंदी झाली, १९५५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य घोषित झाले आणि १९९५ मध्ये दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. ‘सावजां’चे रान ‘अभयारण्य’ कसे झाले, ते या क्रमात दिसते.

‘पोचिंग’ या संज्ञेची अडचण निराळी आहे. इंग्लंडमध्ये रानातील सावजावर राजाचा वा जमीनमालकाचा हक्क असे. त्या हक्काचा भंग म्हणजे पोचिंग. मराठीत यास ‘चोरटी शिकार’ व ‘अवैध शिकार’ असे दोन पर्याय रूढ आहेत. पहिल्यात चोरीचा आरोप आहे, तर दुसऱ्यात केवळ कायदाभंगाचा निर्देश आहे. वनहक्क अधिनियम, २००६ याने वननिवासींचे अनेक पारंपरिक हक्क मान्य केले. परंतु शिकार करणे, सापळा लावणे व प्राण्याच्या शरीराचा भाग काढणे या हक्कांना त्यातून स्पष्टपणे वगळले. ज्या समाजात पारध ही परंपरा होती, त्यास कायदा समजावून सांगताना ‘चोर’ ठरविणारा शब्द टाळून ‘अवैध शिकार’ म्हणणे अधिक न्याय्य होय.

कायद्यातील ‘हंटिंग’ आणि व्यवहारातील ‘शिकार’

खरी कसोटी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यातील ‘हंटिंग’ या संज्ञेपाशी लागते. बोलीत ‘शिकार केली’ म्हणजे प्राणी मारला. कायद्याची व्याख्या मात्र याहून पुष्कळ व्यापक आहे. मारणे व विष घालणे यांबरोबरच पकडणे, फास वा सापळा लावणे, आमिष ठेवणे आणि या साऱ्यांचा केवळ प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच होय. पक्ष्यांच्या व सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना हानी पोहोचविणेही तीत येते. रानडुकरासाठी वीजप्रवाह सोडलेली तार लावणारा शेतकरी ‘मी शिकार केली नाही’ असे प्रामाणिकपणे म्हणू शकतो. परंतु कायद्याच्या दृष्टीने तार लावताच प्रयत्न घडलेला असतो. त्या तारेला वाघ लागून मेला, तर किमान तीन वर्षांच्या कैदेची तरतूद लागू होऊ शकते.

याच व्याख्येत ‘ड्रायव्हिंग’ ही क्रिया आहे. तिला ‘हाकलणे’ असा प्रतिशब्द दिल्यास पिकातील डुकरे हुसकावणाराही आपण गुन्हेगार आहोत असे समजेल. फास, सापळा व आमिष यांच्या पंक्तीत आलेल्या या संज्ञेस ‘हाका घालणे’ हाच योग्य पर्याय होय. कारण हाका म्हणजे आरडाओरड करून रान उठविणे व सावज शिकाऱ्याकडे वळविणे. ‘कोर्सिंग’साठी एकच शब्द शोधण्यापेक्षा ‘कुत्र्यांकरवी पाठलाग’ असे स्पष्ट म्हणणे बरे. कुत्री घेऊन सशामागे जाणाऱ्यास आपले कृत्य त्यात लगेच ओळखता येते.

परवानगीच्या बाबतीत उलट गैरसमज होतो. कलम ११ अन्वये मानवी जीवितास धोकादायक झालेल्या वाघाच्या ‘हंटिंग’ची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. परंतु पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र हलविणे शक्य नाही याची खात्री झाल्याखेरीज ठार मारण्याचा आदेश देता येत नाही. हंटिंगमध्ये पकडणेही अंतर्भूत असल्याने या आदेशाला सरसकट ‘शिकारीचा परवाना’ म्हटले, तर वाघ मारलाच जाणार अशी समजूत होते. पकडण्याच्या आदेशास वृत्तपत्रांतील ‘जेरबंद करणे’ हा रूढ शब्द उपयुक्त आहे. मूळ फारसी ‘जेरबंद’ हा घोड्याच्या साजातील पट्टा. त्यातील आवरून धरण्याचा भाव या नव्या अर्थातही टिकून आहे. त्याचप्रमाणे कायद्यातील ‘मानवी जीवितास धोकादायक’ या शब्दांऐवजी ‘नरभक्षक’ म्हणणे म्हणजे चौकशीआधीच निवाडा देणे होय.

‘ट्रॉफी’ हा शब्द मराठीत क्रीडास्पर्धेच्या चषकासाठी स्थिरावला आहे. कायद्यात मात्र जतन केलेले कातडे, शिंग, हाड, नख, दात हे सर्व ट्रॉफी ठरते. घरात वाघनख वा सांबरशिंग बाळगणाऱ्यास हा धोका ‘विजयचिन्ह’ या शब्दातून कळणार नाही. ‘जतन केलेला प्राण्याचा अवयव’ हा पर्याय लांब असला तरी बिनचूक आहे. ‘कॅमेरा ट्रॅप’ला ‘कॅमेरा-सापळा’ म्हणण्याऐवजी ‘स्वयंचलित कॅमेरा’ म्हणावे. त्यात काही पकडले जात नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, जेथे वस्तू व साधने यांचा संबंध आहे तेथे मराठीचा स्वतःचा शब्दसंग्रह पुरेसा आहे. मारुती चितमपल्ली यांनी पक्षिनिरीक्षणाच्या क्षेत्रात ‘सारंगागार’, ‘काकागार’ यांसारखे शब्द योजून नव्या घडणीची वाटही दाखविली आहे. परंतु कायद्याच्या संज्ञांत शब्दास शब्द ठेवणे पुरत नाही. प्रत्यक्ष कोणते कृत्य अभिप्रेत आहे ते पाहून, ते कृत्य ऐकणाऱ्याला ओळखता येईल असा शब्द निवडला पाहिजे. शिक्षा ज्याला भोगावी लागते त्याला गुन्ह्याचे नाव त्याच्या भाषेत आधी कळलेले असावे, ही भाषांतराची किमान जबाबदारी होय.