बळीच्या राज्यात कोण कोण राहत होते?

बळीचे नाणे नाही, शिलालेख नाही, राजधानीचा अवशेष नाही. तरीही बलिप्रतिपदेला आपल्या खेड्यापाड्यांतील बाया ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणतात, आणि केरळात चिंगम महिन्यात, ओणमला, अंगणात फुलांची रांगोळी घालून त्याची वाट पाहिली जाते. प्रत्यक्ष होऊन गेलेल्या किती राजांच्या वाट्याला हे प्रेम आले? ज्या राजाचा पुरावा नाही त्याच्यावर लोक इतका जीव का लावतात, हा प्रश्न मला भाबडा वाटत नाही. कल्पित राजाच्या पदरी प्रजा नेमके तेच घालते, जे तिला प्रत्यक्षातल्या राजाकडून कधी मिळालेले नसते.

भागवताच्या आठव्या स्कंधातला बळी आधी पाहू. प्रल्हादाचा नातू, विरोचनाचा मुलगा. तो यज्ञ करतो, दान देतो. वामन तीन पावले जमीन मागतो, शुक्राचार्य सावध करतात, पण बळी शब्द मोडत नाही. दोन पावलांत सारे जाते आणि तिसऱ्यासाठी तो मस्तक पुढे करतो. ही कथा नीट वाचली तर ध्यानात येते की पुराणकारालाही बळीच्या कारभारात प्रजेवरचा जुलूम दाखवता आलेला नाही. त्याचा गुन्हा एकच, तो इंद्राच्या जागी बसला. पुराण त्याचे कौतुक करते ते तो देतो म्हणून, आणि शेवटी वाकतो म्हणून.

लोकांचा बळी निराळा आहे. ओणमच्या मल्याळी लोकगीतात त्याच्या यज्ञाची थोरवी नाही. सारी माणसे सारखी होती, चोरी-लबाडी नव्हती, लेकरे अकाली दगावत नव्हती, आणि माप खोटे नव्हते, असे त्यात सांगितले आहे. खोट्या मापाची आठवण कोण ठेवतो? खळ्यावर आणि वाण्याच्या दुकानात जो मापात मारला गेला तो. राजाच्या गौरवगीतात शिरलेली ही मजुराची तक्रार आहे.

आणि हे गीत जिथे गायले जात होते तिथे पुलयाने सवर्णापासून किती अंतरावर उभे राहावे हेही ठरलेले होते! त्रावणकोरातील देवळांची दारे अस्पृश्यांना उघडायला १९३६ साल उजाडावे लागले. सहोदरन अय्यप्पन यांनी १९१७ साली चेराई येथे पुलयांसह सहभोजन घडवले. त्यांनीच ओणमचे ते गीत नव्याने लिहून वामनाची सत्ता झुगारण्याची हाक त्यात घातली. ओणमशी जोडलेले तृक्काकराचे देऊळ वामनाचे आहे, पण लोक वाट पाहतात ती बळीची. २०१६ साली केंद्रातील सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्षांनी ओणमच्या तोंडावर वामन जयंतीच्या शुभेच्छा दिल्या, तेव्हा केरळात संताप उसळला तो उगाच नव्हे.

महाराष्ट्रात हे काम जोतीराव फुल्यांनी त्याआधीच केले होते. ‘गुलामगिरी’त (१८७३) त्यांनी पुराणाची कथा उलटी फिरवली: बळी या भूमीचा राजा, वामन बाहेरून आलेला आक्रमक, आणि खंडोबा, म्हसोबा, जोतिबा हे बळीच्या राज्याचे अधिकारी. दगडाला शेंदूर फासणाऱ्या माणसाला त्यांनी सांगितले की हा तुझ्या राज्याचा कारभारी आहे. मिथकाचा एवढा धाडसी उपयोग मराठीत दुसऱ्या कोणी केल्याचे मला आठवत नाही.

पण बाबासाहेब येथे थांबले नाहीत. शूद्रांच्या उगमावरचा आपला ग्रंथ (१९४६) त्यांनी जोतीरावांना अर्पण केला, आणि त्याच ग्रंथात आर्य आक्रमणाचा सिद्धान्त अमान्य केला. गुरूचा निर्धार घेतला, गुरूचा इतिहास तपासून घेतला. १९५६ साली ते बळीकडे नव्हे, बुद्धाकडे गेले: राज्य सोडून निघालेल्या, इतिहासातल्या माणसाकडे. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. लाडक्या राजाची प्रजा हात जोडून वाट पाहत राहते, ही अडचण बळीच्या बाबतीतही आहेच.

माझी दुसरी अडचण अधिक जवळची आहे. आज वर्तमानपत्रांत ‘बळीराजा’ म्हणजे सातबारावर नाव असलेला शेतकरी. पाऊस लांबला की बळीराजा संकटात सापडतो. त्याच्या रानात खुरपणाऱ्या बाईचे काय? ऊसतोडीला गेलेले नवरा-बायको मुकादमाच्या हिशेबात मिळून एक ‘कोयता’ असतात, पण त्या कोयत्याला कोणी बळीराजा म्हटलेले मी वाचलेले नाही. तीन पावलांच्या गोष्टीत ज्याच्यापाशी तीन पावले जमीनही नाही, तो कुठे उभा आहे?

जोतीरावांना अभिप्रेत असलेला बळी या कोयत्याचाही होता, असे मी मानतो. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांना माझे एक सांगणे आहे. येत्या बलिप्रतिपदेला वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांपाशी बसा. बळी आला तर त्याने पहिल्यांदा काय करावे, हे त्यांना विचारा, आणि त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.